वायरलेस आवाज तुटतोय? नवे हेडफोन घेण्याआधी हे करून पाहा

मी लागोपाठ दोन हेडफोन परत केले होते. दोन्हींची तक्रार एकच. गाणं छान चाललेलं असताना मध्येच एक तुकडा गायब व्हायचा, दोन-तीन सेकंद अडखळायचं आणि मग काही झालंच नाही अशा थाटात पुढे सुरू. तिसरा आला आणि पहिल्याच संध्याकाळी त्यानेही तेच केलं, तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. हेडफोन तीन वेगवेगळे होते, पण टेबल तेच होतं. पुढे एकदा बॅकअप घेऊन झाल्यावर बाहेरची हार्ड डिस्क काढून ठेवली आणि आवाज एकदम सरळ झाला. पुन्हा जोडली, पुन्हा अडखळला. डिस्कची केबल आणि संगणकाला ब्लूटूथ देणारा छोटासा डाँगल शेजारशेजारच्या पोर्टांत बसले होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो हा असा.

त्यानंतर ओळखीपाळखीतल्या बऱ्याच जणांचे इअरबड, स्पीकर, साउंडबार आणि कार्यक्रमांचे माइक तपासले. त्यातून जे हाताला लागलं ते इथे क्रमाने लिहितोय. क्रम मोडू नका. फुकटातले उपाय आधी आहेत आणि बहुतेकांचं काम तिथेच होतं.

आधी एवढं माहीत असू द्या

ब्लूटूथ २४०२ ते २४८० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात चालतं. साध्या भाषेत, २.४ गिगाहर्ट्झ. हा पट्टा बहुतेक देशांत परवान्याशिवाय वापरता येतो, त्यामुळे तिथे सगळ्यांनीच पथारी पसरली आहे: वाय-फाय, वायरलेस माउस आणि कीबोर्ड, झिगबी नावाच्या रेडिओ-पद्धतीवर चालणारे घरातले स्मार्ट दिवे, काही कॉर्डलेस फोन, बाळावर लक्ष ठेवायचे मॉनिटर, आणि मायक्रोवेव्ह ओव्हन, जो बोलत काहीच नाही पण गोंगाट करतो.

गाणी ऐकताना जे नेहमीचं ब्लूटूथ वापरलं जातं, ते या पट्ट्याचे १ मेगाहर्ट्झचे ७९ कप्पे करतं आणि सेकंदाला १६०० पर्यंत उड्या मारत एका कप्प्यातून दुसऱ्यात जातं. २००३ च्या १.२ आवृत्तीपासून त्याला आणखी एक शहाणपण आलं. कुठल्या कप्प्यात सतत मार बसतोय हे ते लक्षात ठेवतं आणि तिथे जाणं टाळतं. म्हणून थोडाफार गोंगाट असला तरी आपल्याला कळतसुद्धा नाही. आवाज तुटायला लागतो तो जायला मोकळी जागाच उरली नाही, किंवा आपलाच सिग्नल फार अशक्त झाला, तेव्हा. म्हणजे करण्यासारखं दोनच प्रकारचं असतं: गोंगाट कमी करा किंवा सिग्नल बळकट करा. खालची प्रत्येक पायरी या दोन्हींपैकी एक आहे.

लागणारं साहित्य

- फोनमध्ये उतरवून घेतलेलं एक गाणं, शक्यतो तुम्हाला तोंडपाठ असलेलं. इंटरनेटवरून वाजणारं चालणार नाही, कारण पुढे सांगतो.
- वही-पेन. फोनमधली नोंदवहीही चालेल, पण चाचणी त्याच फोनवर असेल तर वहीच बरी.
- यूएसबी २ ची अर्धा ते एक मीटरची एक्स्टेंशन केबल (संगणकाला डाँगल लावत असाल तर).
- आसपासचे वाय-फाय चॅनेल दाखवणारं एखादं ॲप.
- राउटरच्या सेटिंगमध्ये शिरण्याचा पासवर्ड. तो बहुधा राउटरच्या पोटावरच्या लेबलवर असतो.
- उपकरणाची माहितीपुस्तिका. ते कुठल्या पट्ट्यात चालतं हे तिच्या शेवटच्या, कुणीच न वाचलेल्या पानावर लिहिलेलं असतं.
- मंचावरचे माइक वापरत असाल तर नव्या बॅटऱ्या आणि मदतीला एक माणूस.

१. हा रेडिओचाच प्रश्न आहे का, ते ठरवा

निम्म्या लोकांची गाडी इथेच चुकते. आवाज बिघडला की सगळे 'सिग्नल' म्हणतात, पण प्रत्येक बिघाड हवेतला नसतो.

सतत एकसारखी, खर्जातली गुणगुण येत असेल तर तो विजेच्या जोडणीचा किंवा अर्थिंगचा प्रश्न आहे. मुख्य विजेची ५० किंवा ६० हर्ट्झची लय त्यात ऐकू येते. चित्रातल्या माणसाचे ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात, तो ब्लूटूथचा नेहमीचा उशीर झाला, व्यत्यय नव्हे. गाणं उत्तम वाजतं पण कॉल लागला की आवाज डब्यातून आल्यासारखा होतो, हेही व्यत्ययामुळे नाही. हेडफोनचा माइक चालू झाला की नेहमीचं ब्लूटूथ कॉलच्या वेगळ्या पद्धतीवर जातं आणि त्यात आवाजाचा दर्जा मुळातच कमी असतो. या कारणासाठी राउटर हलवत बसू नका.

फोनजवळच्या तारेच्या स्पीकरमधून 'टर्र-टट-टट-टर्र' असा आवाज येत असेल, तर तो जुन्या टू-जी पद्धतीच्या मोबाइलचा. तो फोन सेकंदाला सुमारे २१७ वेळा झटक्याझटक्याने प्रसारण करतो आणि स्पीकरचा अँप्लिफायर ते झटके ऐकवतो. फोन हातभर दूर ठेवा, विषय संपला.

आता ते उतरवून घेतलेलं गाणं. ते लावा आणि फोन विमान मोडवर टाकून फक्त ब्लूटूथ चालू करा. असं केल्यावर आवाज तुटणं थांबलं, तर एकतर तुमचं इंटरनेट अडखळत होतं किंवा फोनचं स्वतःचं वाय-फाय आड येत होतं. वाय-फाय परत चालू करून तेच गाणं पुन्हा ऐका, दोन्हींतलं कोणतं ते कळेल.

खरा रेडिओचा व्यत्यय कसा ओळखायचा? डिजिटल उपकरणात आवाज स्वच्छ असतो आणि एकदम तुटतो, जणू कुणी बोट ठेवून बंद केला. ॲनालॉग माइकमध्ये तो आधी खरखरतो, फसफसतो, कधी मध्येच परकं काहीतरी ऐकवतो. दोन्हींत जागा बदलली की फरक पडतो. जागा बदलून काहीच फरक पडत नसेल तर बॅटरी, सॉफ्टवेअर किंवा खुद्द यंत्राकडे संशयाने बघा.

२. जवळ नेऊन पाहा, आणि लिहून ठेवा

फोन हेडफोनपासून एका वितीवर धरा. मध्ये काही नको, अंगही नको. दहा मिनिटं ऐका. इतक्या जवळूनही तुटत असेल तर गोंगाट फार मोठा आहे किंवा यंत्रच सदोष आहे. जवळून ठीक आणि दूर गेल्यावर तुटतंय, तर पुढच्या पायऱ्यांत उत्तर आहे.

मग दोन-तीन दिवस वहीत टिपत जा: किती वाजता तुटलं, तुम्ही कुठे बसला होता, फोन कुठल्या बाजूला होता, त्या वेळी आणखी काय चालू होतं. कंटाळवाणं काम आहे, मान्य. पण दोन हेडफोन परत पाठवायच्या आधी मी हे केलं असतं, तर 'बॅकअप चालू' हे दोन शब्द पहिल्याच पानावर चार वेळा दिसले असते.

एक सक्त सूचना. एका वेळी एकच गोष्ट बदला. राउटर हलवला, चॅनेल बदलला, सॉफ्टवेअर नवं केलं आणि आवाज सुधारला, तर कशामुळे ते कधीच कळणार नाही आणि महिन्याभराने पुन्हा बिघडल्यावर परत अंधारात चाचपडत बसाल.

३. अंतर आणि अंग

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की पोहोचणारी शक्ती एक चतुर्थांश होते. बहुतेक ब्लूटूथ उपकरणांची ताकदही मुळात बेताचीच असते. 'क्लास २' या नेहमीच्या प्रकारात कमाल २.५ मिलीवॅट. त्यामुळे अंतर कमी करणं हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे.

दुसरा अडथळा तुम्ही स्वतः. शरीरात पाणी भरपूर आणि पाणी २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी चांगल्याच शोषून घेतं. मागच्या खिशात फोन आणि कानात इअरबड, मध्ये अख्खं धड. फोन पुढच्या खिशात किंवा दंडावर घ्या. खिसा कुठल्या बाजूचा यानेही फरक पडतो: काही इअरबडच्या जोडीत एकच बड फोनशी बोलतो आणि दुसऱ्याला पुढे पाठवतो. तो कोणता हे खिसा बदलून दोन मिनिटांत कळतं.

गंमत म्हणजे उघड्या मैदानात हा त्रास वाढतो. 'तिथे तर काहीच नाही, मग का तुटतं?' असं मला कितीदा विचारलं गेलंय. काहीच नाही म्हणूनच! घरात भिंती, छत, कपाटं यांवरून लहरी परतून येतात आणि अंगाला वळसा घालून कानापर्यंत पोहोचतात. मैदानात परतायला काही नसतं.

स्पीकर ठेवताना धातूचं कपाट, फ्रिज, मोठा आरसा आणि माशांची टाकी यांच्या मागे ठेवू नका. टीव्हीचा आवाज हेडफोनला पाठवणारा प्रसारक टीव्हीच्या बरोबर पाठीमागे खोचणं हीदेखील नेहमीची चूक. तो टीव्हीच्या कडेपासून थोडा बाहेर काढला तरी पुष्कळ फरक पडतो.

४. यूएसबी ३ चा गोंगाट

संगणकावर ऐकणाऱ्यांनी ही पायरी दोनदा वाचावी. यूएसबी ३ मधून माहिती सेकंदाला ५ गिगाबिट या वेगाने जाते आणि त्या वेगाचा रेडिओ-गोंगाट केबल, कनेक्टर आणि यंत्राच्या आवरणातून बाहेर सांडतो. तो बरोबर २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावरही पसरतो. हा काही ऐकीव किस्सा नाही. इंटेलने २०१२ मध्ये याच विषयावर एक शोधपत्र काढलं. त्यातल्या मोजमापात यूएसबी ३ ची हार्ड डिस्क जोडल्यावर या पट्ट्यातली गोंगाटाची पातळी सुमारे २० डेसिबलने वर गेली. २० डेसिबल म्हणजे शंभरपट शक्ती. इवल्याशा डाँगलच्या शेजारी शंभरपट गोंगाट उभा केल्यावर तो बिचारा काय ऐकणार?

काय करायचं:

डाँगल एक्स्टेंशन केबलला लावा आणि डिस्क, हब, पेन ड्राइव्ह यांच्यापासून अर्धा मीटर तरी दूर, टेबलाच्या वर, दिसेल असा ठेवा. केबल यूएसबी २ चीच घ्या, डाँगलला त्याहून जास्त वेग लागतच नाही.

डेस्कटॉप असेल तर डाँगल मागच्या पोर्टात खोचू नका. मागे धातूची पेटी, पुढे तुमचं टेबल आणि वर केबलींचं जंजाळ.

लॅपटॉपचं ब्लूटूथ आतच असतं, अँटेना बहुधा पडद्याच्या चौकटीत किंवा बिजागरीजवळ. म्हणून यूएसबी-सीचे हब लॅपटॉपला चिकटवून ठेवू नका. हबची केबल लांबीला तोकडी असते हे खरं, पण तेवढी तरी पूर्ण ताणून हब बाजूला सारा. मॉनिटरची केबल त्याच हबमधून जात असेल तर एकदा ती काढूनही ऐका.

डिस्क नेहमी जोडलेली लागत असेल आणि वेगाची घाई नसेल तर ती यूएसबी २ च्या पोर्टात लावा. वेग पडेल, गोंगाटही पडेल. डिस्कची केबल बदलूनही फरक पडतो. स्वस्तातल्या केबलवर जाळीचं आवरण नावापुरतं असतं.

५. राउटरशी तह

वाय-फाय हा या पट्ट्यातला सर्वांत दांडगा शेजारी. त्याचे चॅनेल एकमेकांपासून ५ मेगाहर्ट्झवर आहेत, पण प्रत्येक चॅनेल पसरतो सुमारे २० मेगाहर्ट्झ. त्यामुळे एकमेकांच्या अंगावर न पडणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. या तिन्हींवर जोरात वाहतूक असेल तर ब्लूटूथच्या ७९ कप्प्यांपैकी जेमतेम पंधरा-वीस मोकळे राहतात. ब्लूटूथच्या नियमाप्रमाणे त्याला निदान २० कप्पे वापरावेच लागतात. म्हणजे इमारतीत तिन्ही चॅनेल भरलेले असले की ते भरलेल्या कप्प्यांतही नाइलाजाने उड्या मारतं. 'रात्री नऊनंतरच तुटतं' या तक्रारीमागे बहुधा हेच असतं. सगळी इमारत त्या वेळी व्हिडिओ बघत असते.

क्रम असा ठेवा:

अ) राउटर आणि ऐकण्याची जागा यांत दोन-तीन मीटरचं अंतर पाडा. राउटरच्याच डोक्यावर स्पीकर ठेवलेला मी पाहिलाय, शोभेसाठी.

आ) फोन, लॅपटॉप, टीव्ही यांना ५ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर न्या. अनेक राउटर दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देतात आणि यंत्र कुठे चिकटलं हे कळत नाही. सेटिंगमध्ये दोन वेगळी नावं द्या, मग निवड तुमच्या हातात येते. ५ गिगाहर्ट्झ भिंतीपलीकडे कमी पोहोचतं, हे गृहीत धरा.

इ) २.४ चा पट्टा ज्यांना लागतोच (स्मार्ट दिवे, जुने प्रिंटर) त्यांच्यासाठी तो चालू ठेवा, पण चॅनेलची रुंदी ४० वरून २० मेगाहर्ट्झ करा. ४० वर ठेवलात तर निम्मा पट्टा तुमचाच राउटर खाऊन टाकतो.

ई) ॲपमध्ये आसपासची गर्दी बघा आणि १, ६, ११ पैकी सर्वांत रिकामा चॅनेल कायमचा लावा.

इथला सापळा म्हणजे ३ किंवा ४ नंबरचा चॅनेल. ॲपमध्ये तिथे कुणी दिसत नाही, म्हणून लोक खुशीत तो निवडतात. प्रत्यक्षात तो १ आणि ६ या दोन्हींच्या अंगावर पडतो. तुमचा गोंगाट त्यांना, त्यांचा तुम्हाला, आणि पट्ट्यातली उरलीसुरली फटही बुजते.

दुसरा सापळा साउंडबारवाल्यांसाठी. काही साउंडबार आपल्या वायरलेस सबवूफरशी, म्हणजे खर्जाच्या स्पीकरशी, ५ गिगाहर्ट्झच्या आसपास बोलतात. तुम्ही मोठ्या हौसेने सगळं घर ५ गिगाहर्ट्झवर नेता आणि हेडफोन सुधारतात, पण सबवूफर ठेका चुकवायला लागतो. अशा वेळी राउटरचा ५ गिगाहर्ट्झचा चॅनेल बदलून पाहा. तिथे जागा पुष्कळ आहे.

६. मायक्रोवेव्ह आणि बाकी मंडळी

मायक्रोवेव्ह ओव्हन २४५० मेगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे पट्ट्याच्या मध्यावर चालतो. आत शेकडो वॅट असतात. दारातून झिरपणारा अंश सुरक्षिततेच्या मर्यादेत असला तरी मिलीवॅटवर जगणाऱ्या ब्लूटूथला तो भारी पडतो. उपाय काही नाही, तीन मिनिटं थांबा किंवा लांब जाऊन ऐका. पण दार नीट बसत नसेल, वाकलं असेल तर तो ओव्हन आवाजासाठी नव्हे, तुमच्यासाठी दुरुस्तीला न्या.

जुना कॉर्डलेस फोन, बाळाचा मॉनिटर, वायरलेस कॅमेरा यांच्यावर संशय असेल तर एकेक करून प्लग काढा. बंद बटणावर विसंबू नका, प्लगच काढा.

टीव्हीसाठीचे तळ-स्टँड असलेले हेडफोन ब्लूटूथच वापरतात असं नाही. युरोपात त्यातले बरेच ८६३ ते ८६५ मेगाहर्ट्झवर चालतात. तिथल्या फोर-जीच्या एका पट्ट्यात मोबाइल ८३२ ते ८६२ वर प्रसारण करतो, म्हणजे अगदी भिंतीला भिंत. असा तळ-स्टँड असेल तर त्याच्यावर मोबाइल चार्जिंगला ठेवू नका.

७. यंत्रातल्या सेटिंग

कोडेक म्हणजे आवाज दाबून पाठवण्याची रीत. एलडॅकसारखा कोडेक सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत जातो. ऐकायला बहारदार, पण इतका माल गर्दीतून न्यायचा म्हणजे एखादी खेप चुकली की पुन्हा पाठवायला वेळच उरत नाही. त्याचेच ६६० आणि ३३० असे खालचे टप्पे आहेत. गर्दीच्या जागी 'आपोआप' किंवा ३३० वर ठेवा. अँड्रॉइडमध्ये हे डेव्हलपर पर्यायांत मिळतं. प्रवासात ९९० चा हट्ट धरणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडून दिलंय.

एकाच वेळी दोन यंत्रांशी जोडलं जाण्याची सोय बंद करून पाहा. फोनवर गाणं चालू आणि लॅपटॉपही जोडलेला असेल, तर हेडफोनचा रेडिओ दोघांना वेळ वाटून देत असतो. लॅपटॉपवर साधी सूचना वाजली तरी गाणं थबकतं आणि ते व्यत्ययासारखंच वाटतं.

जुन्या जोड्या पुसून नव्याने जोडा, यंत्राचं सॉफ्टवेअर अद्ययावत करा. बाकी यात सांगण्यासारखं फार नाही.

८. मंचावरचे वायरलेस माइक

ही पायरी ज्यांच्या गळ्यात कार्यक्रमाची ध्वनिव्यवस्था पडली आहे त्यांच्यासाठी. घरी ऐकणाऱ्यांनी थेट नवव्या पायरीवर जावं.

पहिल्यांदा माझ्या गळ्यात पडली तेव्हा दुपारच्या तालमीत क्लिपचे दोन्ही माइक उत्तम चालले. संध्याकाळी सभागृह भरलं आणि दुसऱ्याच वाक्याला आवाज गेला. माइक २.४ गिगाहर्ट्झचे, रिसीव्हर मागच्या टेबलावर कमरेच्या उंचीला. मध्ये आता दोनशे माणसं आणि दोनशे मोबाइल! रिकाम्या सभागृहातली चाचणी ही अर्धीच चाचणी असते. तेव्हापासून अशा माइकचा रिसीव्हर मी मंचाजवळ, डोक्यांच्या वर, स्टँडवर लावतो आणि तिथून तारेने आवाज मिक्सरला आणतो. ज्या माइकमध्ये आतल्या आत रेकॉर्डिंगची सोय आहे, ती चालूच ठेवतो.

यूएचएफ, म्हणजे शेकडो मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातले माइक घेणार असाल तर आधी कायदा बघा. कुठला पट्टा माइकला मोकळा आहे हे देशोदेशी वेगळं असतं आणि बदलतही राहतं. अमेरिकेत ६०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्याचा मोठा भाग मोबाइल सेवांना दिला गेला आणि जुलै २०२० नंतर त्या भागात वायरलेस माइक वापरायला मनाई झाली. म्हणून जुना माइक कुणी फारच स्वस्तात विकत असेल, तर पोटावरचं लेबल वाचा आणि तो पट्टा तुमच्याकडे आज चालतो का हे दूरसंचार नियामकाच्या संकेतस्थळावर तपासा. परवाना लागत असेल तर अर्जाला यंत्राचं मॉडेल, पट्टा, प्रसारणशक्ती आणि वापराची जागा हे तपशील बहुधा मागतात. आधीच लिहून ठेवा.

फ्रिक्वेन्सी निवडण्याची रीत:

अ) सभागृहातलं बाकी सगळं चालू करा: दिवे, एलईडी भिंत, प्रोजेक्टर, वाय-फाय. फक्त आपले माइक बंद. मग रिसीव्हरवरून स्कॅन करा. आपलेच माइक चालू ठेवून स्कॅन करणं ही नवख्यांची हमखास चूक. आणि एलईडी भिंत बंद असताना स्कॅन करणं ही जाणत्यांची.

आ) पहिल्या रिसीव्हरला रिकामी जागा द्या, त्याचा माइक चालू करा आणि चालूच ठेवा. मग दुसऱ्यासाठी स्कॅन. असं एकेक करत पुढे. शेवटचा लागेपर्यंत आधीचा एकही बंद करायचा नाही.

इ) समान अंतराच्या फ्रिक्वेन्सी घेऊ नका. दिसायला नीटनेटक्या, पण घातक. दोन प्रसारक जवळ आले की त्यांच्या मिश्रणातून तिसऱ्याच जागी भुतं उठतात. एकीची दुप्पट वजा दुसरी, किंवा दोघींची बेरीज वजा तिसरी, असा त्यांचा हिशोब. समजा ६००, ६०१ आणि ६०२ मेगाहर्ट्झ निवडल्या. ६०१ ची दुप्पट १२०२, वजा ६०० म्हणजे ६०२. तिसऱ्या माइकच्या नेमक्या डोक्यावर! तीन माइकांपासून अशी जवळची नऊ भुतं होतात, आठ माइकांपासून २२४. हे हाताने करण्याच्या भानगडीत पडू नका. उत्पादकाने दिलेल्या गटातले चॅनेल घ्या: एका गटातले सगळे हिशोब करूनच ठेवलेले असतात. मात्र दोन गटांतले मिसळू नका. माइक जास्त असतील तर शूर या माइक बनवणाऱ्या कंपनीचं 'वायरलेस वर्कबेंच' हे मोफत सॉफ्टवेअर हा हिशोब करून देतं.

ई) प्रसारणशक्ती कमी ठेवा. छोट्या मंचावर सगळे माइक पूर्ण शक्तीवर लावले की भुतंही तितकीच माजतात. आणि चालू माइक एकाच टेबलावर रचून ठेवू नका, भुतांची जत्रा तिथेच भरते.

अँटेनाचं सांगायचं तर, रिसीव्हरच्या दोन्ही अँटेना इंग्रजी व्ही अक्षरासारख्या फाकवा. एकीला सिग्नल नीट मिळाला नाही तर दुसरीला मिळावा म्हणून त्या दोन असतात, समांतर उभ्या केल्या तर तो फायदा बराचसा जातो. रिसीव्हर लोखंडी रॅकच्या मागे असेल तर अँटेना पुढे आणा. केबलने लांब न्यायच्या असतील तर जाड, ५० ओहमची घ्या. बारीक आरजी-५८ केबल १० मीटर वापरली की सुमारे निम्मा सिग्नल केबलमध्येच संपतो.

वक्त्याच्या कमरेचा प्रसारक उघड्या, घामाने ओल्या कातडीला चिकटवू नका आणि त्याची लोंबणारी अँटेना गुंडाळून खिशात कोंबू नका. हातातल्या माइकची अँटेना बहुतेक वेळा बुडाला असते. गायकाने तिथेच मूठ आवळली की सिग्नल गेला. हे गायकाला तालमीतच सांगा, कार्यक्रमात सांगता येत नाही.

शेवटी मदतीच्या माणसाला माइक देऊन मंचभर, विंगेत, दारापर्यंत आकडे मोजत चालायला लावा. 'हॅलो, हॅलो' नको. आकडे म्हणजे नेमका कुठल्या पावलावर आवाज तुटला ते कळतं. सत्तेचाळीस ऐकू आला नाही, तर सत्तेचाळिसाव्या पावलाला काय आहे ते जाऊन बघा.

९. यावर पैसे घालवू नका

सिग्नल वाढवणारे म्हणून विकले जाणारे स्टिकर: कचरा. राउटरभोवती ॲल्युमिनियमची फॉइल: कधी लागतं, कधी उलटतं, लहरी कुठे वळतील ते सांगता येत नाही. २.४ गिगाहर्ट्झचे अँप्लिफायर: तुमचा आवाज वाढला तर शेजाऱ्यांसाठी गोंगाट वाढला, आणि परवानामुक्त पट्ट्यातही शक्तीची कायदेशीर मर्यादा असते. फेराइटचे क्लिप, म्हणजे केबलवर बसवायचे गोंगाट अडवणारे मणी, त्यामानाने बरे. चार्जरच्या किंवा मॉनिटरच्या केबलमधून एफएम रेडिओला त्रास होत असेल तर कनेक्टरजवळ एक लावून पाहायला हरकत नाही. ब्लूटूथच्या तक्रारीवर मला त्याचा गुण फारसा आलेला नाही.

१०. हे सगळं करूनही तुटत असेल तर

दुसऱ्या कुणाकडे, दुसऱ्या इमारतीत, दुसऱ्या फोनला जोडून तेच गाणं ऐका. तिथेही एका वितीवरून तुटलं तर आता खुशाल परत करा, कारण आता तुमच्याकडे पुरावा आहे. सोबत न्या: खरेदीची पावती, यंत्राचा अनुक्रमांक, सॉफ्टवेअरची आवृत्ती, जोडलेल्या फोनचं मॉडेल, वहीतल्या तारीख-वेळेच्या नोंदी आणि आवाज तुटतानाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ, ज्यात फोन आणि हेडफोन यांच्यातलं अंतर दिसतंय. माझे पहिले दोन हेडफोन घेऊन गेलो तेव्हा काउंटरवरच्या मुलाने दोन्ही वेळा ते तिथेच लावून पाहिले. अर्थातच ते उत्तम वाजले. त्याच्या टेबलावर माझी हार्ड डिस्क नव्हती.